सात पेन ड्राइव्ह आणि पाच 'का'

आमच्या वर्कशॉपमध्ये सात पेन ड्राइव्ह होते. होते म्हणजे माझ्या रजिस्टरमध्ये होते. प्रत्यक्षात एखादा कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीत असायचा, एखादा मशीनशेजारच्या ट्रॉलीवर तेलात निथळत पडलेला असायचा, आणि एक तर सलग नऊ दिवस चाकणजवळच्या एका गावात ट्रॅक्टरच्या टेपमध्ये गाणी वाजवत होता.

तो ट्रॅक्टर आमच्या मामांचा. मामा म्हणजे वर्कशॉपमधले सगळ्यात जुने मशीन ऑपरेटर. पहाटे शेतात पाणी सोडून साडेसातला भोसरीत मशीनवर हजर असणारा माणूस. सगळे त्यांना मामा म्हणतात, शेठसुद्धा. ड्राइव्हचा पत्ता लागला त्या दिवशी मी त्यांना मशीनवरून बाजूला बोलावलं.

"ताई, ट्रॅक्टरला कसला आलाय व्हायरस? त्येला निस्तं डिझेल लागतं."

"ट्रॅक्टरला नाही होत, मामा. पण त्या ड्राइव्हवर गाणी कुठून आली?"

"पुतण्यानं भरून दिली."

"आणि पुतण्यानं कुठून घेतली?"

"त्येच्या दोस्ताकडनं."

"आणि दोस्तानं?"

मामांनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "तुमी पोलीस चौकीत पायजे व्हता, ताई. हितं उगं चहापावडर मोजत बसलाय."

मी चिडले. त्या वर्षात मी बहुतेक वेळ चिडलेलीच होते, त्यामुळे कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही.

आमचं वर्कशॉप एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आहे. गाड्यांना लागणारे छोटे लोखंडी भाग आम्ही कातून देतो, आणि त्यातला बराचसा माल चाकणच्या एका मोठ्या कंपनीला जातो. मी ऑफिस बघते. ऑफिस म्हणजे हजेरी, माल पाठवणं, क्वालिटीचे कागद, चहा-साखर आणि जे काम कुणाचंच नसतं ते सगळं. पेन ड्राइव्ह या शेवटच्या खात्यात मोडायचे.

आता पेन ड्राइव्ह कोण वापरतं, असं माझी मुलगीसुद्धा मला विचारते. आम्ही वापरतो. आमची मशीन जुनी आहेत. त्यांना इंटरनेट माहीत नाही. कुठला भाग कसा कातायचा तो प्रोग्राम ड्राइव्हवरूनच चढवावा लागतो. शिवाय आमच्याकडे मोजमापाची एक काचेची खोली आहे. तिथलं मशीन तयार भागाची मापं घेतं आणि शेजारचा कॉम्प्युटर त्याचा रिपोर्ट काढतो. तो कॉम्प्युटर इतका जुना आहे की नवीन अँटिव्हायरस त्याच्यावर बसतच नाही. मशीन बसवून देणाऱ्या माणसानं जाताना बजावून ठेवलं होतं की यात दुसरं काहीही टाकलंत तर पुढची जबाबदारी तुमची. म्हणजे त्या कॉम्प्युटरला राखण नाही. त्यात जे घुसेल ते तिथंच मुक्काम करणार, आणि पुढं जो ड्राइव्ह लावाल त्याला चिकटून गावभर फिरणार.

एकदा तसं झालंच. ड्राइव्ह उघडला की नेहमीचे फोल्डर दिसायचे, फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण. तो बाण म्हणजे फोल्डर खरा नव्हे, त्याच्या नावाची नुसती पाटी. खरा फोल्डर व्हायरसनं लपवून ठेवलेला असतो. पाटीवर क्लिक केलं की लपवलेला फोल्डर उघडतो, माणूस खूश होतो, आणि त्याच क्लिकनं व्हायरस कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतो. काम अडत नाही हीच त्यातली चलाखी. काम अडलं असतं तर आमच्या लोकांनी दहा मिनिटांत आरडाओरडा केला असता. उघडतंय म्हटल्यावर कोण बघतंय बाण?

बघितला चाकणच्या कंपनीनं. त्यांच्या गेटवर बाहेरून आलेला प्रत्येक ड्राइव्ह तपासतात. त्यांनी आमचा ड्राइव्ह जप्त केला आणि एक हमीपत्र पाठवलं. त्यात शेवटी एक ओळ होती, 'जबाबदार व्यक्ती'. शेठनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुमचं अक्षर चांगलं आहे," म्हणाले. मी सही केली.

सही केली म्हटल्यावर मी कामाला लागले. एकसारखे पांढरे सात ड्राइव्ह नवीन आणले. चार फक्त आतल्या मशीनसाठी, ते गाळ्याच्या बाहेर जाणार नाहीत आणि बाहेरच्या कुठल्याही कॉम्प्युटरला लागणार नाहीत. तीन बाहेर नेण्यासाठी, ते माझ्या टेबलावर. बाहेरून आलेला ड्राइव्ह आधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसनं तपासायचा, मग पूर्ण पुसायचा, मगच पुन्हा वापरायचा. चाकणला रिपोर्ट न्यायचा असेल तर मी सकाळी एक ड्राइव्ह पुसून, तपासून द्यायची, मोजमापाच्या खोलीत त्यावर रिपोर्ट उतरवायचा आणि थेट निघायचं. घेताना सही, देताना सही. ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह लावला की आपोआप उघडण्याची सोय मी बंद करून टाकली आणि लपवलेल्या फाइलीही दिसतील अशी व्यवस्था केली. हे सगळं मी कुठल्या वर्गात शिकले नाही. दोन रविवार घालवले.

एक प्रयत्न फसला. काही ड्राइव्हला बाजूला बारीक खटका असतो, तो सरकवला की ड्राइव्हवर काहीच लिहिता येत नाही, म्हणजे व्हायरसलाही नाही. तसे हवेत म्हणून मी पिंपरी कॅम्पात गेले. चार दुकानं झाली. पाचव्या दुकानदारानं आपुलकीनं सांगितलं, "ताई, तो माल यायचा बंद झाला. तुम्ही मोबाइलवर का नाही पाठवत?" मशीन मोबाइल वापरत नाही, असं मी त्याला सांगितलं. त्यानं मला मोबाइलचं कव्हर दाखवलं.

ड्राइव्हवर नंबराचे स्टिकर लावले ते तेलानं आठवड्यात गळून पडले. मग मी मुलीची लाल नेलपॉलिश आणली आणि आतल्या चार ड्राइव्हवर एकेक ठिपका दिला. लाल ठिपका म्हणजे आतला. ठिपका नाही म्हणजे बाहेरचा. याहून सोपं काय असणार? आधीच्या आठ नियमांखाली हा नववा छापून मी तो कागद मोजमापाच्या खोलीत चिकटवला. मामांनी तो वाचला आणि म्हणाले, "लगीन झालेली कुठली आन् कुवारी कुठली, त्ये कळतंय आता."

मोजमापाच्या खोलीत तेव्हा एक नवी बाई आली होती. तिशीच्या आतली, बीडकडची. नवरा दुसऱ्या कंपनीत कंत्राटावर, पहिलीतली एक मुलगी, भोसरीतच एका खोलीत भाड्यानं राहत होते. तिला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. काम पटलं तर कायमचं पत्र, असं शेठ म्हणाले होते. तिच्या कामाला शिस्त होती. मशीन ती जपून वापरायची, माप दोनदा घ्यायची, आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. मला ती आवडायची, पण माझ्या आवडण्याचा कुणाला फायदा होत नाही. एकदा तिनं पर्समधून स्वतःचा ड्राइव्ह काढून विचारलं होतं, "मॅडम, पोरीच्या शाळेचा फॉर्म हाय यात. छापून देता का?" मी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं नाही, तर रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात लिहूनही ठेवलं की स्वतःचा ड्राइव्ह आणला होता, परत पाठवला.

खंडेनवमीला आम्ही दरवर्षी मशीनची पूजा करतो. त्या वर्षी ऑफिसच्या प्रिंटरची शाई नेमकी आदल्या दिवशी संपली. पूजेच्या सामानाची यादी आणि कुणी काय करायचं त्याचं वेळापत्रक मी केलं होतं, ते कागदावर हवं होतं. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं. त्या दुकानाबद्दल सांगायला हवं. तिथं एक कॉम्प्युटर, त्याला एक तार, आणि त्या तारेला दिवसभर सगळ्या भोसरीचे ड्राइव्ह लागतात. भाडेकरार, बायोडाटा, लग्नपत्रिका, कॉलेजचे प्रोजेक्ट. नळावर जशा कळशा लागतात तसे. त्याच्यापासून सांभाळा असं मी स्वतः मामांना किती वेळा सांगितलं असेल.

नवमीच्या सकाळी सगळे खुशीत होते. मशीन पुसून चकचकीत, झेंडूच्या माळा, मोठ्या टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर हत्यारं मांडलेली. मोजण्याची हत्यारं, पाने, ड्रिल. ऑपरेटर लोक म्हणाले, पेन ड्राइव्ह पण ठेवा, तेही आपलं हत्यारच आहे. मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. वर्षभर ज्यांच्यापायी मी घसा कोरडा केला त्यांना एकदाचा मान मिळाला. सातही ड्राइव्ह मी आणून ओळीनं मांडले. मामांनी पाण्यात कालवलेलं कुंकू अनामिकेनं एकेका हत्याराला लावलं. ड्राइव्हलाही लावलं. मग आरती, नारळ, पेढे.

दसऱ्याची सुट्टी झाली. सुट्टीनंतर कामावर आल्यावर मामांनी टेबलावरचं सगळं जिथल्या तिथं नेऊन ठेवलं. ड्राइव्ह चार मोजमापाच्या खोलीतल्या डब्यात, तीन माझ्या टेबलावर. मी दोन्हीकडं जाऊन मोजले. चार आणि तीन, सात. रजिस्टरमध्ये बरोबरची खूण केली.

पंधरा दिवस बरे गेले. मग चाकणला एका नवीन भागाची मापं दाखवायला जायचं होतं. नवीन भाग म्हणजे पहिल्या पाच नगांचे रिपोर्ट त्यांना पटले तरच पुढचं काम. मी सकाळी टेबलावरचा एक ड्राइव्ह पुसला, तपासला, स्वच्छ असल्याची नोंद केली आणि बीडच्या बाईला दिला. तिनं सही केली, रिपोर्ट उतरवून घेतले, शेअर रिक्षानं नाशिक रस्त्यापर्यंत गेली आणि तिथून बसनं चाकणला.

साडेबाराला तिचा फोन आला. मागं गेटवरच्या ट्रकांचा आवाज होता.

"मॅडम, ड्राइव्ह धरलाय त्यांनी. व्हायरस हाय म्हणायलेत."

"शक्यच नाही. मी स्वतः तपासून दिलाय."

"मला काय माहीत, मॅडम. लाल पट्टी आली स्क्रीनवर. नाव लिहून घेतलंय माझं."

दुसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. ही दुसरी वेळ आहे, कारणासह लेखी खुलासा द्यावा, संबंधित व्यक्तीचं नाव आणि केलेली कारवाई कळवावी, तोपर्यंत नवीन भागाचं काम थांबवण्यात येत आहे. सोबत फॉर्म.

या फॉर्मची एक रीत आहे. आमच्या पट्ट्यात सगळ्यांना ती पाठ आहे. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. भाग बिघडला, का? हत्यार झिजलं होतं. का झिजलं? वेळेवर बदललं नाही. का? असं करत पाचव्या 'का'ला खरं कारण हाती लागतं अशी कल्पना. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात सगळीकडं तो फॉर्म असा भरतात: तिसऱ्या 'का'ला 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा', चौथ्याला 'प्रशिक्षण अपुरे', आणि पाचव्या रकान्यात उत्तराऐवजी 'प्रशिक्षण दिले' असं लिहून खाली सही. मी स्वतः असे गठ्ठ्यानं भरलेत. समोरचाही वाचत नाही. त्यालाही वरच्यांना तेच पाठवायचं असतं.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. रजिस्टर समोर उघडं होतं.

"तुम्ही दिला तेव्हा स्वच्छ होता?"

"हो. लिहिलंय."

"चाकणला पोचला तेव्हा घाण होता. मधे कोण होतं?"

मधे एकच सही होती.

"आणि हे काय?" त्यांनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "स्वतःचा ड्राइव्ह आणला होता. म्हणजे सवय आहे बाईला. लावला असेल पुन्हा. लिहा तिचं नाव."

"तिला काढणार?"

"काढायचं कशाला? महिनाअखेरीस तिचे सहा महिने संपतात. पुढं चालू ठेवायचं नाही, एवढंच. कारवाई केली म्हणून लिहिता येईल. चाकण पण खूश."

मी बाहेर आले. ती काचेच्या खोलीत मापं घेत होती. तिला बातमी लागली होती हे तिच्या पाठीवरून कळत होतं. मी आत गेले आणि विचारलं, "तू स्वतःचा ड्राइव्ह लावला होतास का? खरं सांग."

"न्हाई."

"मग कसं झालं?"

"मला कसं माहीत राहील, मॅडम?" एवढं बोलून तिनं भाग उलटा केला आणि पुढचं माप घेतलं. मला तिचा राग आला. माणसानं स्वतःसाठी थोडं तरी भांडावं. रडावं, शपथा घ्याव्यात, काहीतरी करावं. हिनं मला काहीच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म घेऊन मी टेबलाशी बसले. पहिला का. ड्राइव्हमध्ये व्हायरस का गेला? मोजमापाच्या कॉम्प्युटरमध्ये होता म्हणून. एवढं तर नक्की, कारण ड्राइव्ह दुसरीकडं कुठं लागलाच नव्हता. दुसरा का. कॉम्प्युटरमध्ये का होता? कुठल्यातरी ड्राइव्हमधून आला म्हणून. तिसऱ्या रकान्यावर माझा पेन टेकला. सवयीनं 'ऑप' एवढं लिहूनही झालं होतं. पण कुठला ड्राइव्ह, हे माहीत नसताना पुढं लिहायचं कसं? यादीत मधला आकडा गाळून पुढं जायला मला जमत नाही. हा चांगुलपणा नव्हे, खोड आहे.

मी काचेच्या खोलीतून चारही ड्राइव्ह आणले आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एकेक तपासले. चारही दूषित निघाले. कॉम्प्युटरमध्येच मुक्काम असल्यावर ते होणारच. मी लपवलेले फोल्डर एकेक उघडून बघायला लागले. पहिल्यात मशीनचे प्रोग्राम. दुसऱ्यात प्रोग्राम. तिसऱ्यात प्रोग्राम. चौथ्यात प्रोग्राम नव्हते. चौथ्यात माझीच फाइल होती. 'खंडेनवमी पूजा, सामान व वेळापत्रक'.

मी ती उघडली. हळद, कुंकू, नारळ पाच, झेंडू दोन किलो. सगळं माझ्या पद्धतीनं, अनुक्रमांक घालून.

झेरॉक्सच्या दुकानात मी बाहेरचा, बिनठिपक्याचा ड्राइव्ह नेला होता. परत आल्यावर तो तपासायचा होता, पुसायचा होता, मग ठेवायचा होता. माझाच नियम. त्या दिवशी फुलवाला दारात उभा होता, पेढे यायचे होते, मी ड्राइव्ह टेबलावर टाकला आणि सकाळी इतरांबरोबर पूजेत मांडला. पण हा बाहेरचा ड्राइव्ह आतल्या डब्यात गेला कसा? मी तो हातात घेऊन उजेडात धरला. त्यावर लाल ठिपका होता. मग टेबलावरचे उरलेले दोन बघितले. त्यांच्यावरही होता. हातातल्यावरचा ठिपका नखानं खरवडला. नेलपॉलिश नव्हती. कुंकू होतं, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये मुरलेलं.

सातही ड्राइव्हला मामांच्या बोटानं लाल ठिपका दिला होता, आणि मी नंतर फक्त मोजले होते.

मामांना विचारलं तर म्हणाले, "मी चार हिकडं, तीन तिकडं ठिवले. तुमीच तर सांगता, चार आन् तीन. कुठले चार, त्ये कशावरनं वळखायचं? समदेच लाल."

"मग मला विचारायचं नाही का, मामा?"

"इचारलं की! मी न्हाई, त्या पोरीनं. तुमी कायतरी लिवत व्हता."

आणि मग मला आठवलं. सुट्टीनंतरचीच ती सकाळ. मी हजेरीची बेरीज करत होते. दारात ती उभी होती, हातात डबा. "मॅडम, सगळ्यांनाच लाल लागलंय. यातले आपले कुठले? पुसून बघू का?" आणि मी मान वर न करता म्हणाले होते, "चार तिकडं, तीन इकडं, मोजलेत मी. पूजेचं कुंकू आहे ते, पुसू नकोस." ती गेली होती. मी बेरीज पूर्ण केली होती.

मी काचेच्या खोलीत गेले. आता मला तिचा जास्तच राग आला होता, आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

"तू मला विचारलं होतंस."

"हो."

"मग काल बोलली का नाहीस? शेठसमोर बोलायचं. माझ्यासमोर तरी बोलायचं."

तिनं पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघितलं. "तुम्ही समदं लिहून ठेवता, मॅडम. मी विचारलेलं पण लिहिलं असंल असं वाटलं. लिहूनसुद्धा तुम्ही काल मला विचारायलात म्हटल्यावर मी काय बोलायचं?"

"माझं चुकलं. मला..."

"तोंडी नको, मॅडम," ती म्हणाली. "लिहा."

मी फॉर्म पूर्ण केला. तिसरा का: दूषित ड्राइव्ह आतल्या डब्यात का गेला? खंडेनवमीच्या पूजेनंतर सर्व ड्राइव्हवर लाल खूण आल्यामुळे आतले-बाहेरचे ओळखता आले नाहीत. चौथा का: शंका आल्यावर तपासणी का झाली नाही? मोजमाप ऑपरेटरने शंका विचारली होती, जबाबदार व्यक्तीने ती फेटाळली. पाचवा का: ड्राइव्ह मुळात दूषित का होता? जबाबदार व्यक्तीने तो बाहेरच्या दुकानात नेला व परत आल्यावर स्वतःचा नियम पाळला नाही. आणि खाली संबंधित व्यक्ती म्हणून माझं नाव, माझं पद.

शेठनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"पाचवा का कशाला? तिसऱ्यावर थांबायचं. पाचच्या पाच भरलेला फॉर्म मी आजवर बघितला नाही."

"मीही नाही."

"अहो, जबाबदार व्यक्तीचीच चूक असं लिहिलंत तर ते म्हणतील जबाबदार व्यक्ती बदला. मग मी कुणाला आणू?"

कंपनीवाले तसंच म्हणाले. चाकणच्या क्वालिटीतल्या साहेबांचा फोन आला. आवाजावरून कळत होतं की त्यांनी फॉर्म खरोखर वाचला होता आणि त्यामुळे ते अडचणीत आले होते. "मॅडम, ते 'पूजेनंतर' काढता का? वर पाठवायचंय मला. 'वार्षिक देखभालीनंतर' लिहा ना."

"देखभालीत कुंकू लावत नाहीत," मी म्हटलं.

ते हसले, मग गंभीर झाले. नवीन भागाचं काम सुरू करता येईल, म्हणाले, पण आठवड्याच्या आत नवीन जबाबदार व्यक्तीच्या सहीचं हमीपत्र हवं. आणि एक अट होती. ती व्यक्ती कायम नोकरीतली हवी. सहा महिन्यांवाली, कंत्राटी चालणार नाही.

शेठनी डोक्याला हात लावला. मामा तिथंच कसलीशी चावी मागायला आले होते. चावी हा त्यांचा नेहमीचा बहाणा. "मग त्या पोरीलाच करा की," ते म्हणाले. "समद्या गाळ्यात इचारणारी ती एकलीच निघाली."

"ती कायम नाही, मामा. अट ऐकली ना?"

"तर मग करा कायम. त्यात काय मुहूर्त काढायचाय का?"

"एका फॉर्मसाठी कुणी माणूस कायम करतं का?" शेठ माझ्याकडं बघून म्हणाले.

"एका फॉर्मसाठी काढणार होतातच की," मी म्हटलं.

हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून त्यांना बोललेल्या वाक्यांमध्ये सगळ्यात महाग पडू शकलं असतं. शेठनी कॅलेंडरवर महिनाअखेरीची तारीख बघितली. मग म्हणाले, "पत्र टाइप करा." मी टाइप केलं. दोनदा वाचलं. सही होईपर्यंत केबिनमधून हलले नाही.

ती पत्र वाचून हसली नाही, मला धन्यवादही म्हणाली नाही. घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि माझ्यापुढं हात केला. "रजिस्टर."

मी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं माझी पद्धत मोडीत काढायला सुरुवात केली. आधी मोजमापाच्या कॉम्प्युटरसाठी दुरुस्तीवाला बोलावला, तो सगळा पुसून नव्यानं बसवला, आणि ते होईपर्यंत कुणाला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. मग मामांना सांगून चार लोखंडी ठोकळे कातून घेतले, प्रत्येक दीड-दोन किलोचा, आणि आतले चारही ड्राइव्ह साखळीनं एकेका ठोकळ्याला बांधून टाकले. "खिशात घालून दाखवा," ती ऑपरेटर लोकांना म्हणाली. कुणी दाखवलं नाही. कागदावरचे माझे नऊ नियम त्यांनी वर्षभर वाचले नव्हते. ठोकळा सगळ्यांनी पहिल्याच दिवशी वाचला. मला हे पटायला आठवडा लागला आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही. रजिस्टरमध्ये तिनं एक नवा रकाना आखला आहे: 'कोणी काय विचारले'. अक्षर वाकडंतिकडं आहे. रेघासुद्धा सरळ मारल्या नाहीत.

गेल्या सोमवारी मला घाईनं एक रिपोर्ट हवा होता. चाकणची गाडी दारात होती. मी काचेच्या खोलीत गेले, माझ्या टेबलावरचा बाहेरचा ड्राइव्ह पुढं केला आणि म्हटलं, "यावर उतरव पटकन. मी आत्ताच तपासलाय."

"लिहिलंय का?"

"अगं, गाडी उभी आहे."

"मॅडम, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चला. माझ्यासमोर तपासा."

"मी सांगतेय ना, तपासलाय!"

तिनं रजिस्टर माझ्याकडं वळवलं आणि त्यावर पेन ठेवला. मी सही केली, तिच्यामागून ऑफिसात गेले, ड्राइव्ह लावला. तपासणी संपायला अकरा मिनिटं लागली. तोवर ती माझ्या खुर्चीत बसली होती आणि मी उभी होते. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता.